ठकूचं ऊन

फार फार वर्षांपूर्वी, वेळूखिंडीत माणसांपेक्षा कुत्री जास्त होती, तेव्हाची ही गोष्ट. गावात मेंढरं उदंड, आणि मेंढरांमागं कुत्री. तिथं एका घरात दोन जावा नांदत होत्या. थोरली येसू माणसांना औषध द्यायची आणि धाकटी ठकू कुत्र्यांना.

येसूच्या काढ्यानं ताप उतरायचा, पण लोक पाया पडायचे ते ठकूच्या. असं म्हणतात, की ठकूनं नुसता हात फिरवला तरी कुत्र्याच्या अंगावरच्या पिसवा टपाटप खाली पडत, आणि तिनं गुळातून पळसाचं बी चारलं की पोटातले जंत आपली वाट धरत. हे ऐकलं की येसूच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

येसूला मूलबाळ नव्हतं. होता तो काजळ्या कुत्रा, तिच्या ताटातलं खाणारा. एके दिवशी अंग खाजवत खाजवत तोही जाऊन ठकूच्या उंबऱ्यावर निजला. सगळा गाव गेला तरी चाललं असतं हो, पण काजळ्या! येसूनं त्याला ओढत आणून पडवीत बांधला.

मग तिनं कुडाच्या फटीला डोळा लावला. ठकूनं एका कुत्र्याला कडुनिंबाच्या पाण्यानं धुतलं, करंजाचं तेल चोळलं, पळसाचं बी चारलं. वैदिणीचीच नजर ती. औषध कळलं तशी ती फटीपासून हटू लागली. पुढं ठकूनं खराटा हातात घेतला, ते येसूला घरकाम वाटलं.

येसूनं सगळं तसंच केलं. दोन दिवस काजळ्या शांत राहिला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा खाजवू लागला. तिनं तेल दुप्पट केलं. महिन्याभरात काजळ्याच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या, पोट नगाऱ्यासारखं झालं, आणि तो गोणपाटावरून उठेनासा झाला. तेव्हा कुठं येसू धाकटीच्या दारात गेली.

"ठके, माझं कुत्रं चाललं गं."

ठकूनं तेलाच्या वाटीकडं बघितलंही नाही. काजळ्याच्या अंगाखालचं गोणपाट उचललं, उन्हात नेलं आणि काठीनं झोडपलं. असं म्हणतात, की सातव्या काठीला पिसवांचा काळा ढग उठला, क्षणभर सूर्य झाकला, आणि खिंडीपलीकडं निघून गेला. पलीकडचा गाव महिनाभर खाजवत होता!

"आक्का, औषध तुमचं बराबरच हाय," ठकू म्हणाली. "पर पिसवा कुत्र्यावर थोड्या आन् अंथरुणात लई. त्या पोटात गेल्या की जंत व्हत्यात. पंधरा दिसांनी परत झोडपा. अंडी फुटत्यात."

काजळ्या वाचला. उठला तो पहिल्यांदा ठकूचे पाय चाटायला गेला. तुम्हाला वाटेल, येसूचा मत्सर आता गेला असेल. कुठला जातोय! उपकारानं तो आणखीच पेटला.

वर्षं गेली, ठकू वारली. असं म्हणतात, की तीन दिवस वेळूखिंडीत एक कुत्रं भुंकलं नाही. पण लोक पंधरवड्याचं झोडपणं विसरले, आणि पुन्हा दारोदार खाजवणं सुरू झालं. तेव्हा म्हातारी येसू काठी घेऊन निघाली. घराघरातली गोणपाटं तिनं उन्हात काढली.

लोक हात जोडून म्हणाले, "येसूआक्काचं ऊन लागू पडलं, कुत्री वाचली!"

जन्मभर जे हवं होतं, ते ओंजळीत आलं होतं. नुसतं गप्प राहायचं होतं. रागानं येसूनं समोरच्या गोणपाटावर आणखी एक काठी हाणली आणि ओरडली, "ठकूचं म्हणा, मेल्यांनो! ठकूचं ऊन!"

आजही वेळूखिंडीत दर पुनवेला आणि अवसेला कुत्र्यांची अंथरुणं उन्हात येतात. त्याला ठकूचं ऊनच म्हणतात. सात काठ्या पिसवांना मारतात. आठवी सगळ्यांत जोरात बसते, आणि ती मारताना बायका हसून म्हणतात, "ही येसूची."