लुसियाँला येणारी अरबी

"मग मी इथं राहून करू तरी काय, शेखसाहेब?"

शेख ताहर मांडीवरच्या ताटातली जैतुनाची फळं निवडत राहिले.

फ्रेंच अंमलाखालच्या अल्जीरियात, ओरान शहराबाहेरच्या टेकडीवर त्यांचा लहानसा मदरसा होता. विचारणारा लुसियाँ तीन वर्षं त्यांच्याकडे येत होता. बोलणं फ्रेंचमध्ये चाले. पहिल्या महायुद्धात शेखांचा पाय गेला, तेव्हा ते वर्षभर मार्सेयच्या इस्पितळात पडून होते. फ्रेंच ते तिथं शिकले.

लुसियाँ फ्रेंच, पण जन्मला आणि वाढला अल्जीरियात. बाप बंदरावर हमाल. गाठोड्यांची थप्पी अंगावर कोसळून तो गेला, तेव्हा पोराचे दुधाचे दातही पडले नव्हते. आईनं पोती शिवून त्याला शिकवलं. विशीत तो कामगारांच्या पक्षात गेला. अरबांनाही मताचा हक्क द्या, असं सभांतून बोलायचा. पुढं पक्षानंच ती मागणी सोडली. यानं सोडली नाही, म्हणून याला काढलं.

मग तो वर्तमानपत्रात गेला. डोंगरातल्या एका दगडखाणीत सुरुंगाखाली मजूर गाडले गेले होते. सगळे अरब. त्यावर लुसियाँनं ओळीनं लेख लिहिले. सरकारनं वर्तमानपत्र बंद केलं. घरमालकानं खोली सोडायला सांगितली. तो ज्या गल्लीत लहानाचा मोठा झाला, तिथले लोक त्याला पाहून थुंकू लागले.

"पॅरिसला एक संपादक मला जागा देतोय," लुसियाँ म्हणाला. "रविवारी बोट आहे. तिथं मला कोणी गप्प करू शकणार नाही. मी या लोकांचा आवाज होईन."

"कोणत्या लोकांचा?"

"तुमच्याच. इथल्या अरबांचा."

"हं."

"दुसरं कोण बोलतंय यांच्यासाठी? तुम्हीच सांगा."

शेखांनी एक किडकं फळ बाजूला टाकलं.

"तुमचा निरोप घ्यायला आलोय," लुसियाँ म्हणाला.

तेवढ्यात दारात एक बाई आली. डोक्यावर ताकाचं मडकं. वय चाळिशीच्या आत, पण पाठीत वाकलेली.

"ही यामिना," शेख म्हणाले. "मुलांसाठी ताक आणते. हिचा नवरा त्या खाणीत होता."

लुसियाँ उठून उभा राहिला.

शेख तिच्याशी अरबीत दोन वाक्यं बोलले. बोलताना त्यांनी लुसियाँकडं बोट केलं. बाईनं मडकं खाली ठेवलं, ओढणी सावरली आणि सरळ लुसियाँशी बोलू लागली.

लुसियाँ हसून मान डोलावत होता.

"आभार मानतेय का?" त्यानं शेखांना हळूच विचारलं.

"तुला काय ऐकू येतंय?"

"मला अरबी येत नाही, ठाऊक आहे तुम्हाला."

"अजिबात नाही?"

"थोडे शब्द येतात. रस्त्यावर शिकलेले. बंदरावर, बाजारात."

"कोणते?"

यामिना बोलायची थांबली होती. लुसियाँ आठवून आठवून एकेक अरबी शब्द सांगू लागला.

"चल... आण... उचल... लवकर कर... केवढ्याला?... नको..."

"आणखी?"

"जा." तो अडखळला. "बस."

"आणखी?"

"आम्ही गरीब होतो, शेखसाहेब. माझ्या आईनं जन्मात कधी नोकर ठेवला नाही."

"ठाऊक आहे मला."

"मी कोणावर हुकूम सोडला नाही."

"ती थांबलीय," शेख म्हणाले. "बोल तिच्याशी."

"या शब्दांनी?"

"दुसरे आहेत तुझ्याकडं?"

लुसियाँनं भिंतीलगतच्या गादीकडं हात केला आणि म्हणाला, "बस."

धक्क्यावरचे मुकादम म्हणतात तसाच तो शब्द तोंडातून बाहेर पडला. बाई दचकली. गादीकडं तिनं पाहिलंही नाही. होती तिथंच, उघड्या फरशीवर मटकन खाली बसली.

लुसियाँच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं शेखांकडं पाहिलं. शेख फळं निवडत होते.

तो पुढं गेला आणि तिच्यासमोर त्याच फरशीवर बसला.

यामिना मग पुन्हा बोलू लागली. आवाज चढला नाही. एकदा तिनं जमिनीपासून हातभर उंची दाखवली. एकदा स्वतःच्या गळ्यावरून हात फिरवला. मग लुसियाँच्या खिशातल्या पेनाकडं बोट केलं, लांबच्या डोंगराकडं केलं आणि नाही नाही अशी मान हलवली.

लुसियाँ आता हसत नव्हता. मानही डोलावत नव्हता. नुसता तिच्या तोंडाकडं पाहत होता.

बोलून झाल्यावर तिनं ताक आतल्या घागरीत ओतलं, मडकं उचललं आणि गेली. उतारावर तिच्या चपलांचा आवाज थोडा वेळ येत राहिला.

"चिडली होती का माझ्यावर?"

शेखांनी ताटातलं पुढचं फळ उचललं.

"मी काही चुकीचं छापलं का? तिच्या नवऱ्याबद्दल... किंवा मुलाबद्दल? मूल होतं ना तिला?"

लुसियाँ त्यांच्याकडं वळला. "शेखसाहेब, मला कळायला हवं. रविवारी मी जाणार आहे."

"बोट चुकवू नकोस," शेख म्हणाले.

लुसियाँ फरशीवरच बसून होता. ऊन दारातून पार आतल्या भिंतीपर्यंत आलं. मदरशातली मुलं ताक प्यायला आली, पिऊन गेली.

"काय झालं होतं," बऱ्याच वेळानं लुसियाँनं विचारलं, "हे तुमच्यात कसं विचारतात?"

शेखांनी सांगितलं.

लुसियाँनं म्हणून पाहिलं. शब्द जिभेवर नीट बसेना. त्यानं पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा त्याचा आवाज हळू झाला होता.

"आता बरोबर आलं?"

शेखांनी निवडलेल्या फळांचं ताट बाजूला ठेवलं.

"मला काय विचारतोस? ती सोमवारी येईल."