राहेलबाईंनी आमेन म्हटले

नगरकडच्या कौठेवाडीत शांतवनबाबा राहायला आले, तेव्हा एक घोंगडे, एक वीणा आणि पवित्र शास्त्र एवढाच त्यांचा संसार होता. चर्चशेजारच्या पत्र्याच्या खोलीत त्यांचा मुक्काम असे. संध्याकाळी बाबा ख्रिस्ताचे कीर्तन करीत आणि सगळा गाव, कोणी कोणत्याही धर्माचा असो, ओट्यावर येऊन बसे.

चर्चची झाडलोट राहेलबाई करीत. नवरा केव्हाच गेला होता. एकुलती लेक दीना नर्स होऊन परदेशी गेली होती, आणि त्या देशात ख्रिस्ती प्रार्थनेला बंदी होती. तापाने फणफणलेल्या एका रोग्याच्या उशाशी दीनाने प्रार्थना केली, एवढ्यावरून तिला तुरुंगात टाकले. ती बातमी आली आणि माउलीच्या तोंडचे पाणी पळाले.

रविवारी चर्चच्या मंडळीचे पंच योहानगुरुजी प्रार्थनेला उभे राहिले. निवृत्त हेडमास्तर, आवाज असा की देवानेही दचकून जागे व्हावे. "प्रभू, त्या देशाचा कणा मोड! त्यांच्या विहिरी आटव!"

त्या मंडळीची रीत अशी, की प्रत्येक मागण्याला सर्वांनी आमेन म्हणायचे. आमेन म्हटले की ते मागणे आपलेही झाले. सगळ्यांनी म्हटले, राहेलबाई मात्र गप्प राहिल्या.

"काय गं, दातखीळ बसली का?" गुरुजींनी भरसभेत विचारले. "लेक तुझी, आणि घसा आम्ही कोरडा करायचा?"

"गुरुजी, तिथं आजारी लेकरं हायेत. माझी दीना त्यांचंच करीत व्हती. विहिरी आटल्यावर ती काय पितील?"

"पाज, पाज सापाला दूध!" गुरुजी म्हणाले. लोक हसले. बाबा हसले नाहीत.

पुढे कळले की शनिवारी दीनाचा निकाल आहे आणि जन्मठेपही होऊ शकते. शुक्रवारी सकाळी उपासप्रार्थनेला मंडळी जमली. राहेलबाई बाबांजवळ येऊन बसल्या.

"बाबा, आज त्या देशातल्या लोकांसाठी मागवत न्हाई. त्या तुरुंगवाल्या सायबाचं वाटोळं व्हावं, असंच तोंडात येतंय."

"मग देवाला तसंच सांग. त्याच्यापाशी लपवायचं कशाला?" बाबा म्हणाले. "आज मी मागतो. तुला जमलं तर आमेन म्हण."

बाबांनी डोळे मिटले. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "दयाळा, त्या तुरुंगाच्या साहेबाची बायको अडली आहे. तिला सुखरूप मोकळी कर. त्या घरात पाळणा हलू दे."

गुरुजींना हसू आवरेना. "आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! पोरगी कोठडीत, आणि बाबांना काळजी कुणाच्या बाळंतपणाची!"

राहेलबाईंना आतून कढ आला. "आमेन," त्या रडत रडत म्हणाल्या.

बाराव्या दिवशी दुपारी फाट्यावर एसटी थांबली आणि दीना उतरली! राहेलबाईंनी हातातला झाडू टाकला आणि लेकीने धावत येऊन मिठी मारली. केवढा भार उतरला त्या जिवावरचा!

बघता बघता चर्च भरले. दीना सांगू लागली, "त्या शुक्रवारी धुळीचं वादळ होतं. साहेबांची बायको अडली होती आणि डॉक्टर पोचेना. मला कोठडीतून नेलं. बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा होता. कसं सुटलं, मलाच ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः माझ्यासाठी न्यायाधीशांपुढे उभे राहिले, म्हणून मी घरी आले."

त्या शुक्रवारी ही खबर गावात कोणालाच नव्हती. योहानगुरुजींचा चेहरा उतरला. "बाबा, माझी प्रार्थना देवानं मान्य केली असती, तर ती बाई गेली असती, बाळ गेलं असतं. आणि आपली दीनाही आली नसती."

ते बाबांच्या पायांवर वाकले. बाबांनी त्यांना वरच्यावर धरले. "माझे पाय कशाला, गुरुजी? तो देश अजून तिथंच आहे. त्याच्यासाठी मागा."

गुरुजींनी डोक्यावरची टोपी काढली. दुखरे गुडघे टेकून ते राहेलबाईंच्या शेजारी जमिनीवर बसले आणि त्यांनी मान खाली घातली. चाळीस वर्षे दुसऱ्यांना प्रार्थना सांगणारा तो माणूस हळूच म्हणाला, "बाई, तुम्ही सांगा. मी तुमच्या मागून म्हणतो."