केरबा वेबसाईटवाला बघायला जातो

एका गावात एक भोळा घोंगडीवाला राहत होता. नाव केरबा. हात असे गुणी की त्यानं विणलेल्या घोंगडीतून पावसाचं पाणी आत यायला लाजायचं. डोकं मात्र सांगितलेल्या शब्दाच्या पुढे एक पाऊल टाकायचं नाही.

गावाबाहेरून नवा रस्ता झाला आणि गिऱ्हाईक परस्पर तिकडून जायला लागलं. माळ्यावर अठरा घोंगड्या पडून राहिल्या. थंडी सरायच्या आत त्या खपल्या नाहीत, तर माग मोडीत काढावा लागणार होता. केरबाची बायको गोकुळा शहाणी. वेबसाईट केली की लांबलांबची गिऱ्हाइकं येतात, हे तिच्या कानावर आलं होतं.

"अवो," ती म्हणाली, "कोल्हापुरात जावा आन् चांगला वेबसाईटवाला बघून या."

केरबा गेला. विचारत विचारत एका वेबसाईटवाल्याच्या दारात पोचला. त्याला वरपासून खालपर्यंत नीट बघितलं आणि पुढच्या गाडीनं घरी आला.

"बघितला?" गोकुळानं विचारलं.

"बघितला. चष्मा हाय. उंचीला बरा हाय."

"काय म्हनला?"

"मी कुठं बोललो? तू बघून या म्हनलीस."

गोकुळानं कपाळावर हात मारला. "अवो, मानसाला आधी चार गोष्टी इचाराव्यात. किती वर्सं हे काम करताय? आधी कुनाकुनाचं केलंय? त्यास्नी नीट जमलं का? समाधान झाल्याबिगर पुढं पाऊल टाकायचं न्हाई."

"बरं," केरबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटी आली. केरबानं पायरीवर पाय ठेवला नाही. खालूनच कंडक्टरला विचारलं, "किती वर्सं हे काम करताय?"

"बारा. चढा."

"आधी कुनाकुनाला न्हेलंय?"

"आँ?"

"त्यातलं किती जन नीट पोचलं?"

कंडक्टर भडकला. "अवो पावनं, इचारत काय बसलाय? आधी खिडकीतनं टावेल टाकायचा, जागा धरायची, मग आत यायचं!" आणि त्यानं डबल बेल दिली.

केरबाला हे पटलं. मागून आलेल्या गाडीत त्यानं तसं केलंही, आणि बसायला मिळालं. मग काय, वेबसाईटवाल्याचं ऑफिस दिसताच त्यानं उघड्या खिडकीतून टॉवेल भिरकावला. तो वेबसाईटवाल्याच्या चहाच्या कपासकट कीबोर्डवर पडला.

"जागा धरली," दारातून आत येत केरबा म्हणाला.

वेबसाईटवाल्याचं आडनाव चौगुले. स्वभावानं गरीब, म्हणून केरबा वाचला. चौगुल्यानं टॉवेल पिळून हातात दिला, सगळी हकीकत ऐकून घेतली आणि म्हणाला, "काका, घोंगड्या घेऊन या, फोटो काढू. पण माझ्या एकट्याच्या शब्दावर जाऊ नका. आधी खात्री करून घ्या." आणि त्यानं एक छापील कागद दिला.

केरबानं तो घरी आणून गोकुळाच्या हातात ठेवला. वर लिहिलं होतं, 'आम्ही घडवलेल्या खालील संकेतस्थळांना अवश्य भेट द्या.' खाली अठरा ठिकाणांची नावं आणि पत्ते होते. कुणाच्या तरी फोनवर या वेबसाईट बघता येतील, असं गोकुळा समजली. ती खूश झाली. "मानूस सरळ दिसतोय. उद्या घोंगड्या घेऊन जावा. कागदावर लिवलंय तसं करा, मगच ठरवा."

तिनं अठरा घोंगड्यांचा गठ्ठा बांधून दिला. माग वाचणार, या आनंदात तिनं त्याला गाडीत बसवलं आणि गाडी सुटल्यावर हातसुद्धा हलवला.

दिवस मावळायला केरबा परतला. हात मोकळे, चेहरा फुललेला.

"झालं फोटो?"

"फोटो ऱ्हायलं. पर मानूस पक्का केला. अठरा जनांचं काम केलंय त्यानं. मी सोता जाऊन आलो. अठराच्या अठरा हसून बोललं. दोघांनी च्या पाजला."

"आन् घोंगड्या?"

"दिल्या."

"कुनाला?"

केरबानं खिशातून कागद काढला. "भेट द्या म्हनून लिवलंय न्हवं? दातांच्या दवाखान्याला एक. साडीवाल्याला एक. बर्फाच्या कारखान्याला एक, त्यास्नी गरज हुती. पोहायच्या तलावावरचा मानूस जरा बुचकळ्यात पडला. पर घेतली त्यानं."

गोकुळा मटकन मागाच्या काठावर बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता वेबसाईट करून इकायचं काय वो?"

बायको रडताना बघून केरबाला फार वाईट वाटलं. तो तिच्याशेजारी बसला. "रडू नगंस. त्याचा बी इचार केलाय. चौगुल्याला सांगून आलोय, आमच्या वेबसाईटवर बी मोठ्या अक्षरात लिव, 'भेट द्या'. आता बघ, लोक आनून आनून कसं घर भरत्यात! म्हनून तर माळा मोकळा केला."