खुंटीवरची बंदूक

“आता माझं शिकायचं काय राहिलंय, वस्ताद?”

दस्तगीर वस्ताद कानस चालवत राहिले.

जुन्या नमुन्यावरनं तोड्याच्या, म्हणजे पेटत्या वातीनं उडवायच्या, बंदुका घडवणारे ते एकच शिकलगार त्या पट्ट्यात उरले होते. दसऱ्याला गडावर सलामीचे बार निघायचे, ते त्यांच्याच बंदुकांतून. रणधीर दोन वर्षं त्यांच्याकडे येत होता. पोरगा हुशार होता. आपण हुशार आहोत, हे मात्र त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं.

“नेम चुकत नाही माझा,” रणधीर म्हणाला. “बार काढला की तासाभरात कढत पाण्यानं नळी धुतो, सुकवतो, तेल देतो. पांढरी चिंधी आत घाला, पांढरीच बाहेर येते. मला साफ करता येणार नाही अशी बंदूक दाखवा.”

वस्तादांनी कानस खाली ठेवली. उठले. खुंटीवरची कापडात गुंडाळलेली बंदूक काढून त्याच्यापुढं धरली. तिला हात लावायची त्या घरात कुणाला परवानगी नव्हती.

“ही साफ कर.”

“एवढंच?”

“एवढंच. पण बार न काढता.”

म्हातारा गंमत करतोय, असं रणधीरला वाटलं. बंदूक बाहेरून तर लखलखत होती. दस्त्याला जवसाचं तेल पाजलेलं, पितळ घासलेलं. तोंडाशी मेणाचं बूच होतं, ते त्यानं खरवडून काढलं आणि दारू ठासायचा गज आत घातला.

गज गेला… आणि अडला.

त्यानं गजावर अंगठ्यानं खूण धरली, गज बाहेर काढला, नळीला बाहेरून लावून पाहिला. चार बोटं कमी.

“वस्ताद, ही भरलेली आहे.”

“हाय.”

“भरलेली बंदूक कुणी खुंटीला लावतं का? आम्ही केलं असतं तर तुम्ही हाकलून दिलं असतं.”

“दिलं असतं.”

“कधीपासून आहे अशी?”

“सात वर्सं झाली.”

“भरली कुणी?”

“शौकतनं.”

शौकत म्हणजे वस्तादांचा मुलगा. रणधीरनं नाव ऐकलं होतं, माणूस कधी पाहिला नव्हता.

“दसऱ्याला रांगेत हुबा हुता,” वस्ताद म्हणाले. “बार ठासून झाला. तोडा लावायचा तेवढा ऱ्हायला. म्हनला, अब्बा, छातीत कसंतरी हुतंय, जरा बसतो. बंदूक माझ्या हातात दिली… ती परत घ्यायला उठलाच न्हाई.”

 

रणधीरला कुठं बघावं कळेना. तो गजाच्या टोकाकडं बघत बसला. टोकाला तांबूस भुकटी लागली होती.

“आतून गंज चढलाय,” तो हळूच म्हणाला. “दारू लोखंड खातेय. आणखी एखादा पावसाळा… मग नळी कामातून गेली.”

“ठावं हाय.”

“मग बार काढल्याशिवाय साफ कशी होणार ती?”

“सात वर्सं मी बी त्येच बघतोय. म्हनलं, तू हुशार हाईस. तुला घावंल काहीतरी.”

वस्ताद टोमणा मारत असते तर बरं झालं असतं. ते मनापासून विचारत होते.

“मला नाही जमणार, वस्ताद.”

दोन वर्षांत हे वाक्य तो पहिल्यांदा बोलला.

बाहेर उन्हं कलायला लागली होती.

“उचल,” वस्ताद म्हणाले.

घरामागच्या पडीक शेतात दोघं गेले. गंजलेल्या नळीचा भरवसा नव्हता, म्हणून बंदूक बाभळीच्या खोडाला करकचून बांधली. रणधीरनं नळीच्या कानाशी, बत्ती द्यायच्या भोकाशी, चिमूटभर दारू घातली. लांब काठीच्या टोकाला तोडा बांधून पेटवला आणि काठी वस्तादांपुढं धरली.

वस्तादांनी काठी घेतली नाही. ते बंदुकीपाशी गेले. नळीत बार जिथं होता, तिथं बाहेरून तळहात ठेवला, पोराला ताप आहे का बघावं तसा. रणधीर पाठ फिरवून उभा राहिला. म्हाताऱ्याचं रडणं आपण बघू नये, एवढं त्याला कळत होतं.

मग काठी त्याच्या हातून ओढली गेली.

बार पेटणार नाही, असंच रणधीरला वाटत होतं. पेटू नये, असं वस्तादांना वाटत असावं.

दोघं बांधाआड झाले. काठी पुढं गेली, मागं आली. पुन्हा पुढं गेली.

आवाज असा झाला की झाडावरच्या साळुंक्या उठून पार ओढ्यापलीकडं गेल्या. बाभळीचं खोड हललं. पांढऱ्या धुरानं अख्खं शेत भरलं.

वस्ताद बांध उतरून त्या धुरात चालत गेले. रणधीरला ते दिसेनासे झाले.



मग आतून त्यांचा आवाज आला. शिकवताना यायचा तोच, जरा चिडका.

“शौकत, दारू जास्त घातलीस रं.”