वस्तादांनी सायकलला तेल लावलं

एका गावात हिंदुराव नावाचा गडी राहायचा, त्याची बायको तानूबाई राहायची, आणि दोघांच्या मधे एक सायकल राहायची. त्याच गावच्या तालमीत गफूर वस्ताद राहायचे. उभा जन्म पैलवान घडवण्यात गेला, आता म्हातारपणी लोकांचे लचकलेले खांदे बसवायचे.

“वस्ताद, तुमच्या हाताला गुण हाय म्हणत्यात. मग माझ्याच वेळंला कुठं जातोय त्यो?”

हिंदुरावानं हे विचारलं तो चौथा दिवस.

तीन दिवस वस्तादांनी त्याची मान चोळली, खांदे रगडले. चोळलं की हलकं वाटायचं. दुसऱ्या दिवशी सूतगिरणीतून नऊ मैल सायकल मारून आला, की पुन्हा खांद्यात खिळे ठोकल्यागत व्हायचं.

आणि जत्रा तर महिन्यावर आलेली.

देवाची सासनकाठी नाचवायची ती हिंदुरावाच्या घरानंच, पणज्यापासून. सासनकाठी म्हणजे दुमजली घराएवढा उभा वेळू. बुडखा कमरेच्या पट्ट्यात रोवायचा, आणि नाचवताना सगळा वेळ नजर शेंड्यावर ठेवायची. नजर खाली आली की काठी कललीच म्हणून समजा.

हिंदुरावाला तर आताशा घराचं आढंसुद्धा उताणा पडल्याशिवाय दिसत नव्हतं. यंदा काठी चुलतभावाकडं द्यावी, असं पारावर लोक बोलायला लागले होते.

वस्तादांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. मग तेलाची वाटी उचलली, त्याच्यासमोरून गेले, भिंतीला टेकवलेल्या सायकलीपाशी उकिडवे बसले, आणि हँडल चोळायला लागले.

एक हात. दुसरा हात. पार घाम येईपर्यंत.

“वस्ताद, अवं… दुखतंय मला!”

“माहीत हाय.”

“मग तिला कशाला तेल?”

“तुला लावून दमलो.”

हिंदुरावाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण ती बघायला मान काही वर होईना.

तेवढ्यात तानूबाई जेवणाची पिशवी शोधत तालमीच्या दारात आली. बघते तर पिशवी नवऱ्याच्या गळ्यात.

“अवं, सायकलवरनं उतरून घटका झाली, ती तरी काढा की गळ्यातनं!”

“पिशवी गळ्यात का गं, तानू?” वस्तादांनी विचारलं. “क्यारेज कुठं गेलं?”

“माळ्यावर. मडगार्डंबी तितंच. जड हुतंय म्हणं!” तानूबाईनं कपाळावर हात मारला. “चौदा वर्सांमागं उरसात सायकलीची शर्यत जिंकली यांनी. हलकी पळावी म्हणून समदं काढून टाकलं, हँडल उलटं फिरवलं, सीट वर चढवली. तवापासनं ही अशीच. मी म्हणते, क्यारेज लावा, मला बाजारला न्या. तर म्हणत्यात, शर्यतीच्या सायकलवर बायका बसत न्हाईत.”

“पयला नंबर आला हुता,” हिंदुराव पुटपुटला. “पितळी घागर मिळाली हुती.”

“तिला दोनदा ठिगळ लावलंय मी!”

वस्ताद हसले नाहीत.

“बस सायकलवर,” ते म्हणाले. “मी धरतो.”

हिंदुराव बसला. कंबरेतून वाकला, हँडलच्या खालच्या टोकाला हात गेले, कोपरं काठीसारखी ताठ, खांदे कानाला. आणि समोरचं दिसावं म्हणून कासवागत मान बाहेर काढली.

वस्तादांनी त्याची बोटं एकेक करून उचलून बघितली. मुठी आवळून पांढऱ्या पडलेल्या.

“पुढं कोण हाय?”

“कुठं?”

“शर्यतीत.”

“कोन न्हाई.”

“आणि मागं?”

हिंदुराव वळून बघायला गेला. मान निम्म्यात अडली.

“… कोन न्हाई, वस्ताद.”

“मग पळतोयस कशापायी?”

हिंदुराव सायकलवरून खाली उतरला.

वस्तादांनी कोनाड्यातला पाना काढला नि त्याच्यापुढं टाकला.

“हँडल तूच फिरव. मी फिरवलं तर उद्या परत उलटं करशील.”

“लोक म्हणतील, हिंदुराव म्हातारा झाला.”

“काठी चुलतभावानं उचलल्यावर काय म्हणतील?”

हिंदुरावानं पाना उचलला. नट हलेना. चौदा वर्षांचा गंज, चाक दोन पायांत धरून घामाघूम झाला, चार शिव्या हासडल्या. शेवटी हँडल फिरलं. सीट दोन बोटं खाली आली. तानूबाई तोवर घरी जाऊन माळ्यावरचं क्यारेज घेऊन आली होती. जळमटं लागलेलं, तसंच पदरानं पुसलं.

दुसऱ्या दिवसापासून पिशवी क्यारेजवर, आणि हिंदुराव सायकलवर ताठ. गिरणीच्या वाटेवर तालीम लागायची. वस्ताद दारातून रोज एकच ओरडायचे.

“कोपरं!”

की हिंदुराव कोपरं ढिली सोडायचा, खांदे खाली टाकायचा, वर तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणायचा. पंधरा दिवस वैतागून. मग न कुरकुरता.

जत्रेचा दिवस उजाडला. काठी उभी राहिली. हिंदुरावानं मान वर केली, आणि पार शेंड्यावरचा मोरपिसांचा तुरा दिसला. गुलालातसुद्धा दिसला. ढोलावर तो असा नाचला, की चुलतभावानंच पहिलं खोबरं उधळलं. काठी घरात राहिली. तानूबाई त्या दिवशी क्यारेजवर बसून जत्रेला आली होती, आणि हे ती भेटेल त्या बाईला सांगत सुटली.

काठी उतरली तसा हिंदुराव गर्दीतून वाट काढत आला, आणि वस्तादांच्या पायावर त्यानं जे डोकं ठेवलं, ते उचलेचना.

वस्ताद वैतागले.

“आता ऊठ की, गड्या! चौदा वर्सं वाकलास, ते काय कमी झालं?”