परटाच्या तानीला मिळालेला महिना

डोंगरापलीकडच्या एका राज्यात राजाचे तीस हत्ती होते. त्यांचे वैद्य म्हातारे झाले, तेव्हा त्यांनी हाताखाली दोन तरुण माणसं घ्यायचं ठरवलं.

परटाची मुलगी तानी सगळ्यांच्या आधी येऊन उभी राहिली. बापाबरोबर घाटावर कपडे धुताना ती लहानपणापासून हत्तींची आंघोळ बघायची. हत्तींवर तिचा भारी जीव.

"हत्तीचा पाय सुजला तर कोणता लेप लावाल?" वैद्यबुवांनी विचारलं.

राजवाड्यात माणसांना औषध देणाऱ्या राजवैद्यांचा नातूही आला होता, त्याने घडाघडा सात लेप सांगितले. तानीला एकही येईना. लोक फिदीफिदी हसले.

तानीचे कान लाल झाले, पण ती जागची हलली नाही. म्हणाली, "बुवा, ह्याच्या घरी जेवताना लेपांच्या गोष्टी निघतात. आमच्याकडे कपड्यांवरच्या डागांच्या निघतात. मला कुणी सांगितलंच नाही, तर येणार कसं? शिकवलंत तर शिकेन."

वैद्यबुवा चपापले. आपण हुशारी तपासतोय की घराणं?

"परीक्षा महिन्याने," ते म्हणाले. "तोवर ज्याला यायचंय त्याने रोज यावं. मी शिकवतो."

तानी एक दिवस चुकली नाही. नातू तिला झाडपाला ओळखायला शिकवी, आणि शेणाचिखलात पाय घालायला तो कचरला की ती त्याला हात धरून ओढून नेई. दोघांची छान गट्टी जमली.

महिना भरला त्या सकाळी थोरली हत्तीण लंगडत आली. कुणाला जवळ फिरकू देईना.

"तळव्यात काहीतरी रुतलंय!" नातवाने चालीवरून ओळखलं.

तानीने पदर खोचला आणि चुचकारत तिला नदीत नेलं. गार पाण्यात हत्तीण निवली. पायाचा चिखल सुटला. काठावर येऊन तिने आपणहून पाय उचलला, तर बोटभर लांब बाभळीचा काटा! तानीने तो अलगद उपसला, नातवाने लेप लावला. हत्तिणीने खुशीत सोंडभर पाणी उडवलं, ते नेमकं वैद्यबुवांवर.

"दोघंही माझी!" नखशिखान्त भिजलेले बुवा हसत ओरडले. "आणि यापुढे आधी शिकवणी, मग परीक्षा!"

तानीचा बाप हातातलं धोतर टाकून धावत आला. धोतर वाहत पार पुढच्या गावाला गेलं, त्याला पत्ताच नव्हता.

तात्पर्य काय, तर घरातून कुणाला जास्त मिळतं, कुणाला कमी. म्हणून पारखण्याआधी शिकण्याची संधी सगळ्यांना द्यावी.