दळणाची वाट

“रक्त चांगलं आहे, हाडं चांगली आहेत, हृदय चांगलं आहे. मग ती वाळत का चालली आहे, अण्णा?”

डॉक्टर उद्धव दहिवाळ यांनी आईच्या तपासण्यांची फाइल गुरूंपुढे ठेवली.

अण्णा वैद्य पडवीत अडुळशाची पानं निवडत बसले होते. वय चौऱ्याऐंशी. उद्धव त्यांच्याकडे चार वर्षं शिकला होता. आता बार्शीत त्याचं स्वतःचं मोठं रुग्णालय होतं. तीन जिल्ह्यांतून माणसं येत. गुरूंकडे मात्र तो बऱ्याच वर्षांनी आला होता.

अण्णांनी फाइल उघडली नाही.

“कधीपासून?”

“आठ महिने. गल्लीतलं घर बंद करून तिला माझ्याकडे बायपासजवळ आणलं तेव्हापासून. तिथे ती अरुंद गल्ली, उघडी गटारं, तुटक्या पायऱ्या. माझ्याकडे सगळं सपाट आहे. चालायला बाग आहे, बाई ठेवली आहे दिमतीला.”

“आणि चालते?”

“नाही. खुर्चीतून उठायलाच तीनदा जोर करावा लागतो. मी व्यायाम लिहून दिलाय, ताकदीची पावडर देतोय…”

“तिला विचारलंस?”

“ती काय सांगणार? बरी आहे म्हणते.”

अण्णांनी पानं झाकून ठेवली आणि खांद्यावर उपरणं टाकलं.

“चल.”

उद्धवच्या वसाहतीच्या फाटकातून गाडी आत शिरली. रस्ता रुंद होता, स्वच्छ होता. दोन्हीकडे उंच भिंती. सकाळचे दहा वाजले होते आणि रस्त्यावर कोणीही नव्हतं.

“गाडी थांबव,” अण्णा म्हणाले. “इथून चालत येतो.”

ते अर्ध्या वाटेत दमले. इकडेतिकडे पाहिलं.

“बसायचं कुठे रे?”

“आलंच घर, अण्णा. घरीच बसा ना.”



सुंदराबाई खिडकीजवळ बसल्या होत्या. पाहुणे दिसताच त्या उठू लागल्या. एकदा… दोनदा… उद्धवने पुढे होऊन दंड धरला.

“राहू द्या, वहिनी. बसा.”

अण्णांनी नाडी पाहिली नाही. ते सरळ त्यांच्या पायांशी, फरशीवर बसले.

“अण्णा, खाली कशाला?” उद्धव गडबडला.

“वहिनी, तुमच्या गल्लीतून दळणाला कसं जायचं?”

सुंदराबाईंनी आधी मुलाकडे पाहिलं, मग अण्णांकडे.

“दळणाला? दार ओढून घ्यायचं. डाव्या हाताला वळायचं. पाच घरं सोडली की शकूरचं बांगड्यांचं दुकान. तो ‘चाची, पीठ की पापड?’ असं विचारतोच. रोज तेच.” त्या किंचित हसल्या. “पुढं नळ. तिथं पायरी तुटलीय. उजवा पाय आधी टाकायचा, म्हणजे डबा सांडत नाही.”

बोलता बोलता त्यांचा उजवा पाय फरशीवरून उचलला गेला आणि पुढे टेकला.

अण्णांनी त्या पायाखाली हळूच आपला तळवा सरकवला.

“मग?”

“मग पार्वताचा ओटा. तिथं बसावंच लागतं.”

“पाय दुखतात म्हणून?”

“पाय कशाला दुखतील? ती सोडतच नाही. सुनेचं गाऱ्हाणं सांगते. ऐकून घ्यायचं. मग चढ. चढावर जरा जोर लावायचा…”

“उद्धव, इकडे ये. हात दे तुझा.”

उद्धव गुडघ्यावर बसला. अण्णांनी त्याचा हात धरून आईच्या पावलाखाली ठेवला.

पाऊल दाबत होतं. टाच उचलत होती, चवडा रेटत होता. याच पायांची ताकद उद्धवने गेल्या आठवड्यात तपासली होती. कागदावर ‘क्षीण’ असं लिहिलं होतं.

“आली गिरणी,” सुंदराबाई म्हणाल्या.

पाऊल थांबलं.

मग त्यांनी विचारलं, “शकूरच्या सुनेला काय झालं रे, उद्धव? मी निघाले तेव्हा तिचे दिवस भरत आले होते.”

“मला… ठाऊक नाही, आई.”

“बाळ आता पालथं पडत असेल. बसतही असेल कदाचित.” त्या खिडकीकडे वळल्या. भिंतीपलीकडे आणखी एक भिंत होती. “अंगड्याला कापड काढून ठेवलं होतं मी. राहूनच गेलं.”

“मला म्हणाली का नाहीस?”

“तू एवढं सगळं केलंस. कुठल्या तोंडानं म्हणू?”

उद्धवचा हात अजून तिच्या पावलाखालीच होता. तो अण्णांकडे पाहून बोलला, पण आवाज पहिल्यासारखा राहिला नव्हता.

“बाबा त्याच घरात पडले, अण्णा. न्हाणीघरात. मी पोचलो तेव्हा उशीर झाला होता. ते बोलायचं थांबले होते. तिथे ही एकटी असताना पडली तर? इथे निदान मी आहे.”



उत्तर आईनेच दिलं. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

“इथं मी कशी पडेन रे? पडायला आधी उठावं तर लागतं.”

उद्धवने मान खाली घातली. तिचं पाऊल त्याने दोन्ही हातांत धरलं. ते थंड होतं, हलकं होतं. लहानपणी याच पायांवर झोपवून तिने त्याला न्हाऊ घातलं होतं. केव्हापासून तो या पायांकडे फक्त तपासायला पाहत होता, हे त्याला आठवेना.

शेवटी तो उठला. टेबलाशी जाऊन त्याने औषधाच्या चिठ्ठीचा कागद पुढे ओढला, पेन उघडलं.

“अण्णा… काय लिहू?”

“पत्ता. गल्लीतला.”